ठेवणीतली शाल

जिथं थंडी चार दिवसांची पाहुणी, अशा एका गावात फार पूर्वी अनसूयाबाईंच्या ट्रंकेत एक लोकरीची शाल राहायची. ठेवणीतली म्हणे! दांडीवरच्या घोंगडीला बघून ती नाक मुरडायची.

एका पौषात तिच्या घडीत काहीतरी कुरतडायला लागलं. लोकर खाणारी कसर! शाल ओरडली,

"घोंगडीताई, वाचव गं! ही मला जिवंत खातेय!"

"मी काय करू, बाई? मला रोज अंगावर घेतात, उन्हात झटकतात, म्हणून माझ्यात कसर टिकत नाही. तू आता थंडी वाढू दे म्हणून देवाला हात जोड."

थंडी वाढली. सकाळी अनसूयाबाई कानाला पंचा गुंडाळून, चोळीवर नवऱ्याचा सदरा चढवून, कुडकुडत आल्या. ट्रंक उघडली. शालीच्या जिवात जीव आला.

बाईंनी वरूनच हात फिरवला. "अगदी कोरी आहे अजून! एवढ्याशा गारठ्याला कशाला मोडायची घडी? खरी थंडी पडली की काढू."

त्यांनी घोंगडी पांघरली आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

अंधारात कसर हसली. "हं, कुठवर आलो होतो गं आपण?"