अखितीचा अंधार

"तिनं आपल्या हातानं दिवा मालवला, आणि त्याच संध्याकाळी म्हणे तिचा नवरा घाट चढून..."

घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीवर जीपवाला एवढं बोलला, तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला आणि तो भाडं पकडायला पळाला. बाकावर पुण्याचं एक जोडपं चहाचा कप हातात तसाच धरून बसून राहिलं. मी शेजारीच साखर घ्यायला उभी होते. अर्धं ऐकलं की कुणाच्याही जिवाला चैन पडत नाही. म्हटलं, "पुढचं मी सांगते, पण चालत चालत. वेल बघायलाच आलात ना?"

तुम्हाला कसं कळलं, म्हणून दोघं एकमेकांकडे बघायला लागली. त्यात कळायचं काय? आमच्या वारसोळला पुण्याची माणसं दोनच कारणांनी येतात, कडा बघायला नाहीतर वेल बघायला. आणि कडा बघायला येणाऱ्यांच्या मांडीवर कुंडी नसते.

नवऱ्याचं नाव हेरंब, बायकोचं मृणाल. हेरंब घरच्या घरी बीर, म्हणजे बिअर करतो, हौस म्हणून. बीरला कडवटपणा आणि वास येतो तो ह्या वेलीच्या फुलांचा. ते लोक तिला हॉप्स म्हणतात, आम्ही बाळाईची वेल म्हणतो. त्यानं गच्चीवर लावली, खत घातलं, दोऱ्या बांधल्या. वेल गुडघ्याएवढी होते, शेंड्याला दोन-चार फुलं धरते आणि थांबते. दर वर्षी तेच. कुंडीतली वेल तशीच होती, जन्मभर कुणी ओरडतच आल्यासारखी अंग चोरून.

वाडीच्या तोंडाशी ग्रामपंचायतीचा सौरदिवा आहे. त्याला डोक्यापासून मानेपर्यंत गोणपाट गुंडाळून सुतळीनं आवळलेलं बघून मृणालला हसू आलं.

"काकू, दिव्याला थंडी वाजते का हो?"

"अखिती होऊन पंधरवडा झाला ना," मी म्हटलं. "आता फुलं खुडेपर्यंत तो असाच."

अखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवसापासून वारसोळात कुणी दारात दिवा लावत नाही. नवखा माणूस विचारतो, लाईट गेली का? लाईट असते. घरात दिवे असतात, पण दारं लोटलेली असतात. उजेडाची रेघ बाहेर सांडली तर म्हातारी माणसं आतून ओरडतात. हे असं का, त्याचीच ही गोष्ट. आमच्या आणि द्रुपदाआत्याच्या घरात एकच भिंत आहे, आणि वेलीचं जुनं मूळ तिच्या दारात. तिनं हे तिच्या सासूकडून ऐकलं, त्या सासूनं तिच्या सासूकडून. मी भिंतीला कान लावून ऐकलं असं ती म्हणते. ऐकलं खरं.

फार मागे, वरच्या पठारावर गोऱ्यांचा कॅम्प होता. खालच्या उन्हानं आजारी पडलेले शिपाई तिथं हवेला आणून ठेवत. त्यांच्यासाठी बीर करणारा एक साहेब होता. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही, वाडी त्याला बीरसाहेब म्हणायची. बीरसाठी लागणारी फुलं बोटीनं यायची. वाटेत त्यांचा वास उडून जायचा आणि बीर आंबायची. तेव्हा साहेबानं विलायतेहून ओल्या तरटात गुंडाळून वेलीची मुळं आणवली. पठारावर वारा फार, म्हणून वाडीतल्या घराघरात एकेक मूळ दिलं आणि सांगितलं, दारात लावा, फुलं आली की मी घेईन.

सगळ्यांनी लावली. सगळ्यांच्या वेली गुडघ्याएवढ्या झाल्या आणि थांबल्या, ह्या हेरंबच्या कुंडीसारख्याच. लोकांनी थोडी वाट बघितली, मग त्याच मांडवावर दोडका चढवला.

एका घरानं मात्र मूळ उपटलं नाही. ते घर सावळा नावाच्या खेचरवाल्याचं. तो कॅम्पातली खेचरं हाकायचा. घरात आई बाळाई आणि बायको कोंडाई. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तोच पलटणीला दर्यापार जायचा हुकूम आला. खेचरं जाणार म्हणजे खेचरवालेही जाणार. वाडीतून दोघे गेले, सावळा आणि त्याचा सोबती नाथा. जाण्याच्या दिवशी सावळ्यानं दाराशी त्या वेलीला माती घातली आणि आईला म्हणाला म्हणे, "ही छपराला लागायच्या आत येतो बघ." सगळे हसले, कारण ती वेल छपराला लागणारी नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घाटातून वर येणारी वाट कड्याच्या अगदी काठानं येते. अंधारात करवंदीच्या जाळ्यांत वाट हरवली की पुढचं पाऊल कुठं पडेल ते सांगता येत नाही. म्हणून बाळाईनं दारात दिवा लावायला सुरुवात केली. वाऱ्यानं मालवू नये म्हणून एका अंगानं फुटलेल्या घागरीत दिवा ठेवायचा आणि घागर वळचणीला टांगायची, वेलीच्या बाजूलाच. तेल करंजाचं, दोघी बिया गोळा करून घाण्यावरून काढून आणायच्या. दिवस मावळला की दिवा, आणि वाडीची जेवणं होऊन निजानीज होईपर्यंत दिवा.

आणि त्या वर्षी वेल थांबली नाही. गुडघा ओलांडला, कंबर ओलांडली, दाराच्या चौकटीला लागली. पुढच्या वर्षी जमिनीतून फुटली ती थेट छपरावर गेली. लोक म्हणाले, बाळाईच्या दिव्यानं वेलीला वाटतं दिवस संपलाच नाही, म्हणून ती वाढतच राहते. कुणी म्हणालं, सावळ्याचा शब्द आहे, तो आता येणार. वेल छपराला लागली, छपरावरून पलीकडे उतरली. सावळा आला नाही.

बीरसाहेब उन्हाळ्यात खाली यायचा, मान वर करून बघायचा आणि परत जायचा. वेल एवढी, पण पानंच पानं. फूल एकही नाही.

वर्षं गेली. किती ते कुणी नीट सांगत नाही. बाळाईची झोप मात्र पहिल्या वर्षीच गेली होती. पान वाजलं तरी उठायची, वाटेवर जायची, कड्यापाशी उभी राहायची. कोंडाई मागून जाऊन हाताला धरून आणायची. कोंडाईचे भाऊ न्यायला आले. त्यांना ती म्हणाली, "मी गेले तर आत्याबाईंना परत कोण आणेल?" भाऊ भाकरी खाऊन परत गेले.

अखितीला आपल्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. मातीची नवी घागर, त्यात वाळा घातलेलं गार पाणी, वर आंबा. बाळाईच्या घरात दर वर्षी एकच घागर भरली जायची, कोंडाईच्या सासऱ्याच्या नावानं. बाळाई समोर बसून बघायची, दुसरी घागर कुणी आणत तर नाही ना. वाडीतली माणसं आडून सुचवायची. "किती वर्षं तेल जाळायचं, बाळाई?" की ही म्हणायची, "तुझ्या घरचं जाळते का?"

एका साली, अखितीच्या थोडं आधी, कोंडाईला दिवेलागणीला घरात सासू दिसली नाही. ती धावत वाटेवर गेली. बाळाई कड्याच्या अगदी टोकाशी बसली होती, पाय खाली सोडून, आणि हाक मारत होती. कोंडाईनं तिला मागून घट्ट मिठी मारून ओढलं. ओढताना एक दगड सुटला, तो खाली पोचल्याचा आवाज दोघींनी ऐकला म्हणे, फार वेळानं.

त्या दिवशी कोंडाईला उमगलं की हा दिवा जळतोय तोवर ही अशीच उठत राहणार, आणि एक दिवस आपला हात पोचणार नाही. पण दिवा काढायचा म्हणजे दुसरी घागर भरायची. आणि ती भरायची तर तिनंच, बायकोनं. स्वतःच्या हातानं स्वतःचं कुंकू उतरवण्यासारखं ते.

अखितीला तिनं सासऱ्याची घागर मांडली. मग आत गेली आणि दुसरी घेऊन आली. तीत पाणी ओतलं, वाळा घातला, आंबा ठेवला. नाव घेतलं नाही.

बाळाईनं दोन्ही घागरींकडे बघितलं. घरात शेजारपाजारच्या बाया होत्या. सगळ्यांना वाटलं, आता ही घागर फोडणार. पण दिवस कलेपर्यंत ती घागरींसमोरच बसून राहिली. दिवेलागणीला कोंडाई रोजच्या सवयीनं दिवा लावून टांगायला निघाली, सवय कुठं सुटते, तेव्हा बाळाई उठली.

"आण इकडं. मी लावला होता, मीच मालवते."

तिनं पदराच्या टोकानं ज्योत दाबून मालवली. मग सुनेच्या कपाळाकडे बघून म्हणाली, "तू काही पुसायचं नाहीस. तुझ्याबद्दल मी कुणाचं ऐकून घेणार नाही." कोंडाईनं कुंकू पुसलं नाही, असं सांगतात. वाडीनंही पुढं विचारलं नाही.

दारात अंधार झाला. दुसऱ्या दिवशीही अंधार. आणि वाडीनं जे कधी बघितलं नव्हतं ते झालं. एवढी वर्षं नुसती पानांनी भरलेली वेल, तिच्या पेरापेराला हिरवे ठिपके दिसायला लागले. ठिपक्यांचे घोस झाले. मृगाच्या आधी छपरावर फुलांचा नुसता सडा होता. वास असा, की लिंबाची साल आणि ओलं लाकूड एकत्र कुटावं.

बीरसाहेब धावत खाली आला. "काय केलंस? काय घातलंस?" त्यानं विचारलं.

कोंडाई म्हणाली, "अंधार केला."

साहेबाला ते कळलं नाही. त्याला फुलं हवी होती. पण बोलता बोलता तो एक सांगून गेला की त्याच्या देशात ह्या फुलांची उशी करून म्हाताऱ्या माणसांना देतात, झोप लागते. कोंडाईनं ते मनात धरून ठेवलं.

फुलं खुडायच्या आदल्या संध्याकाळी एक माणूस घाट चढून आला. अंधार पडत होता, कुठल्याच दारात दिवा नव्हता, आणि जाळ्यांत त्याची वाट चुकली. तो कड्याकडेच चालला होता. तेवढ्यात वाऱ्यावर वास आला. दर्यापारच्या मुलखात त्यानं खेचरांवर ह्याच फुलांची पोती वाहिली होती. वासाच्या मागे मागे तो वळला आणि बाळाईच्या दारात येऊन उभा राहिला. तो नाथा होता.

त्यानं कमरेची चंची काढून कोंडाईच्या हातात दिली. चंचीवरची शिवण तिची स्वतःची होती. सावळा तिकडं पोचल्यावर पहिल्याच थंडीत तापानं गेला होता.

बाळाईनं चंचीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे मी दिवा लावत होते तेव्हा तो नव्हताच."

"वेल तर आली ना त्या उजेडात, आत्याबाई," कोंडाई म्हणाली. "आणि नाथाभावजी कड्यावरून वळले ते तिच्याच वासानं."

दुसऱ्या दिवशी पहिली ओंजळ कोंडाईनं उशीत भरली, बाकीची फुलं साहेबाला दिली. त्या साली कॅम्पातली बीर आंबली नाही म्हणतात. बाळाई उशीवर डोकं टेकून निजली. कोंबडा आरवला, ऊन ओसरीवर आलं, तरी उठली नाही. शेजारणी घाबरल्या. कोंडाई मात्र तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती, श्वास हाताला लागत होता. ती कुणाला बोलू देईना.

पुढं घराघरानं तसंच केलं. होळीपासून वेलीशी दिवा आणि अखितीला अंधार.

एवढं सांगून होईतो आम्ही द्रुपदाआत्याच्या दारात पोचलो होतो. वेल छपरावर होती, पेरापेराला हिरवे ठिपके धरलेली. हेरंबनं वर बघितलं, मग हातातल्या कुंडीकडे बघितलं. त्याचं तोंड बघून आत्याला दया आली असावी.

"गच्चीवर बल्ब लाव होळीला," ती म्हणाली. "जेवणं होईतो ठेव. अखितीला काढ. आणि शेजाऱ्याच्या बल्बावर पण काहीतरी घाल."

"शेजारी ऐकणार नाही, आजी."

"मग त्याला बीर पाज. पण पहिली ओंजळ उशीला, हां. पिणाऱ्याला तशीही झोप येते."

मृणाल हसली, मग हळूच विचारलं, "उशी कुणाला द्यायची?"

"बघायचं, आजूबाजूला कोण जागं आहे ते," आत्या म्हणाली.

त्यांना सोडायला गेले तेव्हा टपरीवर जीपवाला भेटला. मी त्याला म्हटलं, अरे, नवरा आला असं काय सांगतोस, आणि तेही त्याच संध्याकाळी? तो म्हणाला, "काकू, नवरा आला म्हटलं की माणसं उतरून वाडीत जातात. मेला म्हटलं तर पुढं जातात." दिवा सासूनं मालवला होता. नवरा आला नाही. त्या संध्याकाळी कुणीच आलं नाही. पण दिवा मालवल्यावर कुणीतरी घाट चढून आलं, आणि कड्यावरून वाचलं, एवढं खरं आहे.

आजही अखितीच्या संध्याकाळी घरातली सगळ्यांत म्हातारी बाई वेलीशेजारचा दिवा पदरानं मालवते. आता बल्ब असतो, तरी ती पदर लावूनच बटण दाबते. मग सगळी वाडी अंधारात ओसरीवर बसते. घाटाकडून पावलं वाजली तर कुणी उठून बघत नाही. पण प्रत्येक दारात येणाऱ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असतो.