पेटीतली पेटी

एका राज्यात तीन परगणे होते आणि तिन्ही मुके होते. कारण सांगतो. ऐकताना राग आला तर येऊ द्या, मला सांगतानाही येतो.

राजा भद्रायूने एकदा प्रधानाला विचारले, "आपली प्रजा किती?" प्रधान गादीवरून उठला नाही, बसल्या जागी त्याने आकडा ठोकून दिला. दरबारातल्या मांत्रिकाला हे सहन झाले नाही. "ज्यांच्याकडे तुम्ही पाहत नाही, त्यांचे आवाज तुम्हांला कशाला?" असे म्हणून त्याने दरबार सोडून तिन्ही परगण्यांतले सगळे आवाज एका मोठ्या पेटीत कोंडले, वर एक साळुंकी बसवली आणि तो निघून गेला.

साळुंकी म्हणाली, "राजा, ही पेटी तीनदाच उघडेल. एकही आवाज आत राहिला, तर सगळे परत आत जातील. तिसऱ्यांदा चुकलात, तर पेटीचा दगड होईल."

पहिल्यांदा प्रधानाने झाकण उचलले. आत तीन पेट्या होत्या, परगण्याला एक. "तीन नग, महाराज. सर्व ठीक," म्हणत त्याने झाकण लावले. दुसऱ्यांदा सेनापतीने पहिली पेटी उघडली, तिच्यातला पहिला करंडा उघडला, करंड्यातल्या सात डब्या उघडल्या. सात आवाज बाहेर आले. "बाकीचेही असेच असणार," म्हणून तो हात झटकून उठला, आणि सातही आवाज रडत आत गेले. अहो, शितावरून भाताची परीक्षा होते, माणसांची नव्हे. एवढे शहाणपण त्या पागोट्याखाली नसावे?

तेव्हा सगुणा बुरडीण दरबारात आली. शापाच्या दिवशी ती बांबू तोडायला सीमेपलीकडे गेली होती, म्हणून तिचा आवाज वाचला. घरी असलेल्या तिच्या मुलीचा, भिवराचा, गेला.

"महाराज, आम्ही टोपल्या एकीत एक घालून बाजारात नेतो," ती म्हणाली. "आतलं संपल्याशिवाय बाहेरच्याला हात लावत नाही. मला उघडू द्या."

प्रधान हसला. राजाने मान डोलावली.

सगुणाने पहिली पेटी घेतली, तिच्यातला पहिला करंडा घेतला आणि एकेक डबी उघडली. करंडा संपला की त्यावर बांबूची कामटी ठेवायची, मग पुढचा करंडा. करंडे संपले की पेटीवर कामटी, मग पुढची पेटी. एक करंडा रिकामा निघाला. तो तिने उलटा करून पाहिला आणि त्यावरही कामटी ठेवली. तीन दिवस तिची मान वर झाली नाही.

तिसऱ्या पेटीतल्या शेवटच्या करंड्यात, डब्यांच्या खाली, आणखी एक लहान पेटी होती.

प्रधान म्हणाला, "करंड्यात डब्याच असतात, असा नियम आहे. ते सोड आणि झाकण लाव."

"पेटी दिसली की तिच्याशी पेटीसारखंच वागायचं, प्रधानजी. ती किती खोल आहे ते बघायचं नाही."

त्या पेटीत नदीपलीकडची बुरूडवाडी होती. अशी वाडी आहे हेच दरबारात कुणाला ठाऊक नव्हते. सगुणाने शेवटची डबी उघडली आणि भिवराचा आवाज बाहेर आला.

"आई, याआधी दोनदा झाकण वाजलं. आम्ही सगळ्यांनी हाका मारल्या. कोणी खाली पाहिलंच नाही."

दरबाराने माना खाली घातल्या. साळुंकी उडाली, पेटी मोडून पडली, आवाज घरोघर गेले.

राजाने प्रधानाची गादी काढून घेतली आणि त्याच्या काखेत कामट्यांचा भारा दिला. दारोदार जायचे, प्रत्येकाचे नाव विचारायचे, मग उंबऱ्यावर कामटी ठेवायची. तो सगळ्यांत शेवटी बुरूडवाडीत पोचला. भिवराने त्याच्याकडून आपले नाव तीनदा म्हणवून घेतले, आणि मगच कामटी ठेवू दिली.