शेताचे चार कोपरे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कोणत्या राज्यातली, ते मला विचारू नका. त्या घराची आठवण निघाली की माझं डोकं असं तापतं, की राज्याचं नाव आठवत बसायला सवड होत नाही. लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनी तर ऐकाच, कारण बोलणं तुम्हालाच लागणार आहे.

नदीकाठच्या एका गावात एक शेतकरी जोडपं राहत होतं. ख्रिस्ताला मानणारं घर. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा. गावात शाळा होती, बरी होती. पण या दोघांनी ठरवलं की आपली मुलं आपण घरीच शिकवायची. का, तर शाळेत सगळं शिकवतात, परमेश्वराचं वचन तेवढं शिकवत नाहीत. आपल्या घरात दिवस पवित्र शास्त्रानं सुरू होईल आणि बाकीचे धडे त्याच्या मागून येतील. प्रार्थनामंदिरात भर मंडळीपुढे उभं राहून दोघांनी हे सांगितलं. पाळकांनी चौघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. हे लक्षात ठेवा. मुलं घरी ठेवली ती एवढ्या एकाच कारणासाठी.

सुरुवात छान झाली. सकाळी चूल पेटायच्या आधी चौघं चटईवर बसत. आई वाचायची, मुलं प्रश्न विचारायची, वडील समजावून सांगायचे. मग गणित, मग बाकीचं.

एक दिवस आत्या आली. बसल्या बसल्या तिनं मुलाला सतराचा पाढा विचारला. तो मध्येच अडखळला. आत्या आईकडे वळून म्हणाली, "वहिनी, शाळेतली पोरं घडाघडा म्हणतात हो. घरी बसवून काय दिवे लावताय?"

ते आईच्या जिवाला लागलं. दुसऱ्या सकाळी चटईवर पाटी आली. "आज आधी पाढे," ती म्हणाली. "शास्त्र दुपारी वाचू."

दुपारी भूगोल होता. संध्याकाळी मुलं पेंगायला लागायची. मग ठरलं की रविवारी वाचू. आणि रविवारी घरी कशाला वाचायचं, प्रार्थनामंदिरात वाचतातच की. झालं, विषय मिटला. वडिलांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण मुलगा आता पंचविसापर्यंत पाढे म्हणत होता, आणि ते ऐकायला त्यांना बरं वाटत होतं.

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? ज्याच्यासाठी मुलं शाळेत घातली नाहीत, तेवढंच नेमकं घरात शिकवायचं राहिलं. पाढे काय, शाळेतही झाले असते. पाण्यासाठी विहीर खणायची आणि तिच्यात कडबा भरून ठेवायचा, असला हा प्रकार. आणि कोणी विचारलं तर तोंड वर करून सांगायचं, "वेळच मिळत नाही हो." नद्यांची नावं पाठ करायला वेळ मिळतो, आत्याचं तोंड बंद करायला मिळतो, देवालाच तेवढा मिळत नाही.

बरं, ते पुस्तक घरात अगदी पडूनच होतं, असंही नाही. मुलगी झाडांची पानं गोळा करायची आणि त्यांची नावं शिकायची. पानं वाळवायची तर ती दाबून ठेवावी लागतात. घरातलं सगळ्यात जाड पुस्तक तेच. तिनं विचारलं, "आई, यात ठेवू का?" आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "ठेव."

वर्षं गेली. मुलगी मोठी हुशार निघाली. गावात कोणाला जमीन मोजायची असली तर तिला बोलावणं यायचं. मंडळीत लोक तिला डोक्यावर घ्यायचे. आत्याही गप्प झाली. आईबापांना वाटलं, आपण जिंकलो.

त्यांच्या शेतात जोंधळा व्हायचा. वडील दरवर्षी कापणी करताना शेताचे चारही कोपरे उभेच सोडत. खाली पडलेली कणसंही उचलत नसत. गरिबांसाठी तसं करावं, असं शास्त्रात सांगितलेलं आहे, आणि लहानपणी त्यांच्या वडिलांनी त्यांना ते मांडीवर बसवून वाचून दाखवलं होतं. गावाबाहेरच्या झोपडीत एक विधवा म्हातारी आपल्या नातीला घेऊन राहत होती. कापणी झाली की दोघी यायच्या. कोपऱ्यांतली कणसं खुडायच्या, पडलेला सरवा वेचायच्या. तेवढ्या दाण्यांवर त्यांचे पुढचे कितीतरी महिने निघायचे. ती कधी कोणाच्या दारात मागायला गेली नाही. त्या शेतामुळे तिच्यावर तशी वेळच आली नव्हती.

एका वर्षी ऐन कापणीत वडिलांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, जमिनीवर टेकवेना. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही पडून राहा. कापणी मी बघते." आईबापांना केवढा अभिमान वाटला. मुलीनं कापणी करून घेतली, मळणी करून घेतली आणि काही दिवसांनी पोती बैलगाडीतून घरी आणली. दरवर्षीपेक्षा एक पोतं जास्त होतं. आईनं कौतुकानं गुळाच्या पोळ्या केल्या.

जेवताना वडिलांनी विचारलं, "यंदा पाऊस तर बेताचाच होता. मग एक पोतं जास्त कसं आलं?"

"मी शेत मोजलं, बाबा. तुम्ही दरवर्षी चारही कोपरे वाया घालवत होता. मी ते कापून घेतले. पडलेली कणसंसुद्धा बायकांकडून वेचून घेतली."

वडिलांचा घास हातातच राहिला. "म्हातारी आली होती?"

"आली होती की, कापणीच्या दुसऱ्या दिवशी. नातीला घेऊन सगळ्या शेतभर फिरली. मग मला म्हणाली, पोरी, यंदा काहीच राहिलं नाही का गं? मी म्हटलं, आजी, यंदा नीट कापलंय. मग ती नातीचा हात धरून निघून गेली."

आईचा आवाज चढला. "तुला लाज कशी नाही वाटली? कोपरे गरिबांचे असतात, एवढंही ठाऊक नाही? शास्त्रात लिहिलंय ते."

मुलगी गोंधळली. ती उर्मट नव्हती. आईनं कधी चढ्या आवाजात बोलावं असं तिनं काही केलंही नव्हतं. ती हळूच म्हणाली, "आई, तू जे जे शिकवलंस, ते सगळं मला येतं. हे कधी शिकवलंस?"

आई ताडकन उठली आणि कोनाड्यातून शास्त्र घेऊन आली. मुलीला ते जिथे लिहिलंय ती जागा दाखवायची होती. तिनं पुस्तक उघडलं आणि वाळलेली पानं भराभर मांडीवर पडली. पिंपळ, पळस, आपटा. आई पुस्तकाची पानं उलटत राहिली. ती जागा काही तिला सापडेना.

"जपून, आई," मुलगी म्हणाली. "माझी पानं चुरतील."

त्या पोरीला दोष देणारे पुष्कळ भेटतात मला. तिला काही बोलू नका. तिनं आयुष्यात एकही धडा चुकवला नव्हता. जो धडा तिच्यापुढे कधी ठेवलाच नाही, तो तिनं कुठून आणायचा? राग करायचा तर त्या दोन मोठ्या माणसांचा करा, ज्यांनी रोज "उद्या वाचू" म्हटलं आणि उपाशी राहायला लावलं ते तिसऱ्याच कोणाला.

वडिलांनी सुजलेला पाय तसाच ओढत ते जास्तीचं पोतं गाडीत घातलं. चौघं झोपडीपाशी गेली. दाराला बाहेरून कडी होती, अंगणातली चूल थंड होती. शेजारची बाई म्हणाली, "त्या जाऊन चार दिवस झाले. तुमच्या शेतात आता सरवा राहत नाही, म्हणाली म्हातारी. नातीला घेऊन शहराकडे गेली. तिथे म्हणे देवळापाशी बसलं की लोक काहीतरी टाकतात."

वडील पुढच्या गावाला गेले, त्याच्या पुढच्याही गेले. शहरात गेले आणि दारोदार विचारत फिरले. दोघी कोणाला दिसल्या नाहीत, आणि पुढेही कधी दिसल्या नाहीत.

त्यानंतर त्या घरात रोज सकाळी चूल पेटायच्या आधी शास्त्र उघडू लागलं. आता मुलगीच वाचायची. वाळकी पानं तिनं स्वतःच काढून टाकली, पण कागदावरचे हिरवट डाग काही गेले नाहीत. आत्या आली तरी वाचन थांबत नसे. तीही चटईवर बसायची आणि ऐकायची. कापणीला चारही कोपरे उभे राहायचे. पाखरं येऊन दाणे खायची, कारण वेचायला येणारं कोणी उरलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, चला, शेवटी सुधारले ना. सुधारले. जा, आणि त्या नातीला सांगा.

बोध एवढाच: परमेश्वराच्या वचनाला दिवसाचा पहिला वेळ द्या. ते उरलेल्या वेळावर टाकलंत, तर ते तुमच्या मुलांपर्यंत कधीच पोचणार नाही.