घरी म्हणून दाखवला का?

“माझं नाव का नाही, मास्तर?”

मिशनच्या पडवीत लाजरस मास्तर वही पुढ्यात घेऊन बसले होते. त्या वहीत ज्यांची नावं येतील, त्यांना यंदा ईस्टरला बाप्तिस्मा मिळणार होता. वही उद्या फादरांकडे जायची होती.

विचारणारा उपेंद्र बेलसरे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. दोन वर्षं एकही रविवार त्याने चुकवला नव्हता. बाप्तिस्मा न झालेल्यांनी उपदेश संपला की उठून देवळाबाहेर बसायचं, ही तिथली शिस्त. तीही त्याने पाळली होती.

मास्तर सातवी शिकलेले. चाळीस वर्षं मोठ्या माणसांना धर्मशिक्षण देत आलेले.

“विश्वासांगीकार पाठ आहे ना?” त्यांनी विचारलं.

उपेंद्र हसला. हा विश्वासांगीकार, ‘मी विश्वास ठेवतो’ असा सुरू होणारा ख्रिस्ती श्रद्धेचा कबुलीपाठ, मास्तर कागदावर देत नसत. ते म्हणून दाखवत, शिकणाऱ्याने ऐकायचा, आणि पाठ झाला की परत म्हणून द्यायचा. इतरांना त्यासाठी महिने लागले. उपेंद्रने दुसऱ्याच रविवारी एका दमात म्हटला होता. वर लॅटिनमध्येही. मास्तर तेव्हा एवढंच म्हणाले होते, की आवाज छान आहे.

“घरी म्हणून दाखवला का?”

“घरी?”

मास्तरांचा हा नेम सगळ्यांना ठाऊक होता. ज्यांच्यात दिवस काढायचे, त्यांच्यासमोर एकदा म्हणायचा. बरोबर शिकणाऱ्या जाईबाईने ती कामाला होती त्या वीटभट्टीवर अडखळत म्हटला होता. मुकादम म्हणाला, दम लागला का बाई, परत म्हण. तिने परत म्हटला. तिचं नाव वहीत पहिलं होतं, आणि शेजारी ऐकणाऱ्याचं म्हणून मुकादमाचं.

उपेंद्रच्या वडिलांना, दादांना, वाटायचं, मुलगा रविवारी ग्रंथालयात जातो.

“माझा विश्वास माझ्यापाशी आहे, मास्तर. त्यांना उगाच त्रास कशाला?”

“त्रास कुणाला होईल, प्राध्यापक?”

मास्तरांनी वही मिटली. “दिवे लागेपर्यंत मी इथंच आहे,” ते म्हणाले.

उपेंद्र तावातावाने निघून गेला.

ऊन उतरलं तेव्हा तो परत आला. पडवीच्या पायरीवरच बसला. वर चढला नाही.

“नाव लिहू नका,” तो म्हणाला. “मला येत नाही तो.”

मग त्याने घरी घडलेलं तुटक तुटक सांगितलं. वडील सुपात गहू निवडत बसले होते. रविवारी कुठे जातो ते त्याने आधी सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. म्हणून तो उभ्यानेच म्हणू लागला, आणि ‘मी’ म्हटल्यावर पुढचा शब्दच येईना. दोन वर्षं तो शब्द त्याने झोपेतही म्हटला असता. तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा तिथेच.

“मग?”

“मग दादा उठले. मला वाटलं, घराबाहेर काढतील. ते आत गेले आणि तांब्या घेऊन आले. म्हणाले, पाणी पी.”

“आणखी काय म्हणाले?”

“म्हणाले, मला हे पटलेलं नाही. कधी पटेल असंही वाटत नाही. पण सुरू केलंयस तर अर्धवट टाकू नकोस. सावकाश म्हण.”

“म्हटलात?”

“म्हटला. पण कसा… मधल्या ओळी मागेपुढे झाल्या. एक बहुतेक राहूनच गेली. कोणती, तेही आठवत नाही. ते शेवटपर्यंत ऐकत होते. सुपाला हात लावला नाही.” त्याने चेहरा पुसला. “तुमच्यापुढे एक अक्षर चुकलं नव्हतं, मास्तर. पुढच्या वर्षी नीट तयारी करून येईन.”

मास्तर उठले. पायरीवर येऊन त्याच्या शेजारी बसले. वही उघडून त्यांनी ती त्याच्या मांडीवर ठेवली आणि पेन त्याच्या हातात दिलं.

उपेंद्रने कोरी ओळ शोधली. मग त्याने स्वतःचं नाव लिहायला पेन टेकवलं.

मास्तरांनी कागदावर तळहात ठेवला.

“वडिलांचं आधी लिहा.”