तीन दोऱ्यांत अडकलेला बेहडा

एका राज्यात रानावर जीव टाकणारा राजा होता. माया उतू गेली की काय होतं, ते ऐका. रान राखायला त्यानं एक सोडून तीन मांत्रिक नेमले. पहिल्यानं तांबडा दोरा ओढला: आतलं फळ कुणी तोडायचं नाही. दुसऱ्यानं निळा ओढला: आतल्या पाखरानं बाहेर जायचं नाही, शिकारी टपलेले असतात. तिसऱ्यानं चारशे हात अलीकडून पांढरा ओढला: माणसानं पाऊल टाकलं की दगड. दोरे एकमेकांवर चढले, आणि तिन्हींच्या आत एक जुना बेहडा सापडला.

त्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंड्यावर बसली होती. धनेशांची रीतच तशी. मादी आतून दार लिंपून घेते, पिसं गाळते, आणि नर फटीतून भरवील तेवढंच खाते.

"हिरूबाई!" नरानं रानाच्या राखणदारणीला लांबून हाक मारली. "समोर उंबर लगडलाय, तोडता येत नाही. बाहेरून आणावं तर जाता येत नाही. ती उपाशी आहे गं!"

हिरूनं गोफणीतून उंबरं फेकली, ती वाटेतच फुटली. पाऊल टाकलं, तर दोन बोटं दगड झाली. मग लंगडत ती मांत्रिकांकडे गेली.

पहिला म्हणाला, "फळाचा नियम मोडणार नाही. पाखरू बाहेर सोडायला सांग."

दुसरा म्हणाला, "पाखराचा नियम मोडणार नाही. तूच फळं घेऊन आत जा."

तिसरा म्हणाला, "एक माणूस सोडला की मागून कुऱ्हाडी येतात. आतलीच फळं तोडू द्यायला सांग."

मेल्यांनो, एकानं जरी घटकाभर दोरा उचलला असता, तरी भागलं असतं!

हिरू राजाच्या पायांवर पडली. राजा कळवळला. म्हणाला, "आधी ठरू दे, हे रान कोणत्या वर्गातलं? झाडांचं, पाखरांचं, की निर्मनुष्य?" त्यावर दरबार सात दिवस बसला. हिरू रोज हद्दीवर जाऊन विचारी, "आहे का रे?"

"चोच वाजवते अजून," नर सांगे. सहाव्या दिवशी त्यानं उत्तर दिलं नाही.

आठव्या दिवशी निकाल लागला. तिन्हींच्या जागी एकच दोरा, राखणदार एकटी हिरू, आणि अडल्याला वाट द्यायचा अधिकार तिचा. निकाल चांगला होता, खोटं कशाला बोलू? जुने दोरे तुटले, शाप सुटला, हिरूची बोटं पुन्हा हाडामांसाची झाली. नगारे वाजले. राजा स्वतः बेहड्याखाली आला.

वर नर उंबर आणत होता, फटीत सारत होता. आतून कुणी घेत नव्हतं. फळ खाली पडलं की तो दुसरं आणायला उडे. खाली ढीग साचला होता.

"बाई, हवं ते माग," राजा म्हणाला.

"मला काही नको, महाराज. त्याला तेवढं सांगा, आता पुरे म्हणून. तुमच्या हुकुमावाचून या रानात काही होत नाही ना?"

राजानं वर पाहिलं. नर पुढचं उंबर घेऊन येत होता.