झाकल्या आव्याची कहाणी

ऐका नारायणा, तुमची कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका, हातातल्या अक्षता घट्ट धरा.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. वेशीबाहेर सोयरोबा कुंभार राहत होता. त्याची बायको म्हाळसा. म्हाळसा कामाची होती, मायेची होती, पण तिला धीर म्हणून नव्हता. भाकर तव्यावर टाकली की तीनदा उलटून बघायची, दही विरजलं की तीनदा बोट घालायची. आपल्यातही आहेत अशा, मी नावं घेत नाही.

राजानं देऊळ बांधलं. कुंभाराला बोलावलं, म्हणाला, "एकशेआठ लाल घट दे. सात नद्यांचं पाणी भरायचं आहे, थेंब गळता कामा नये." कुंभारानं माती मळली, चाकावर घट घडवले, सावलीत वाळवले. मग घट भाजायला दोघांनी आवा रचला. खाली गोवऱ्या, मधे घट, वर पेंढा, त्यावर ओल्या मातीचा लेप. आव्याला विस्तव दिला. आवा निवेपर्यंत लेपाला हात लावायचा नाही, ही कुंभारवाड्याची रीत.

कुंभार बाजारी गेला. म्हाळसेला राहवेना. तिनं लेपाचा कोपरा उकलला, आत डोकावली. गार वारा आत शिरला, तापले घट तडातड फुटले. मग कुंभारानं पुन्हा घट घडवले, दुसरा आवा लावला. आतून काही वाजलं, हिचा जीव उडाला, पुन्हा कोपरा उकलला, पुन्हा घट फुटले.

राजा रागावला. "चूक कुणाची?" म्हणाला. कुंभार म्हणाला, "माझी, महाराज." बायकोचं नाव त्यानं सांगितलं नाही. राजानं त्याला कोठडीत घातलं. तिसरे घट त्याच्याकडून पहाऱ्यात घडवून घेतले, वाळले तसे म्हाळसेकडे धाडले. म्हणाला, "हे नीट उतरले तर कुंभार सुटेल. हेही फुटले तर तो हद्दपार, घरचं तोंड पुन्हा दिसायचं नाही."

म्हाळसा घटांपाशी रडत बसली. तिथं एक म्हातारी आली. "बाई बाई, पाणी दे," म्हणाली. म्हाळसेनं तांब्याभर पाणी दिलं. म्हातारीनं विचारलं, "रडतेस का?"

"माझ्या हातानं माझा धनी कोठडीत गेला, आजी."

"मग तुला एक वसा सांगते. आवा झाकलास की नारायणाचं नाव घे, लेपावर हळदकुंकू वाहा. सात दिवस त्याला हात लावू नकोस. दारी येईल त्याला पाणी दे. उतू नकोस, मातू नकोस, मधेच डोकावू नकोस."

"पण आत काय चाललंय ते मला कळावं कसं?"

"तुला कळायचं नाही. नारायणाला कळतं, तेवढं पुरे." असं म्हणून म्हातारी निघून गेली.

म्हाळसेनं तिसरा आवा रचला, लेप दिला, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला. लेप भिजला, धूर आतल्या आत कोंडला. म्हाळसा हात जोडून बसली. तिसऱ्या दिवशी आत धडधड वाजलं. म्हाळसा हात जोडून बसली. चौथ्या दिवशी राजाचा शिपाई आला. "बाई, उघडून दाखव. घट धड असले तर आजच तुझा धनी सोडतो." बायांनो, खरं सांगते, मी असते तर उघडला असता. म्हाळसेचा हात लेपापर्यंत गेला, मग तिनं तो मागं घेतला आणि तांब्या उचलला. म्हणाली, "पाणी प्या, दादा. आव्याला मी हात लावायची नाही." शिपाई पाणी पिऊन गेला.

सातवा दिवस आला. आवा निवला. म्हाळसेनं लेप काढला. घट सगळे अखंड, पण काळे कुळकुळीत. ती रडत म्हणाली, "नारायणा, मी तर डोकावले नाही, मग हे काय केलंस?" मग तिनं डोळे पुसले, घट गाडीत भरले, देवळी नेले.

लोक हसले. प्रधानानं परगावाहून लाल घट आणून सकाळीच भरून ठेवले होते. राजा म्हणाला, "आणलेत तर हेही भरा." मग काय झालं? दुपारी लाल घट घामेजले, संध्याकाळी फरशीवर पाणी झालं, घट अर्धे झाले. काळे घट काठोकाठ, खालची फरशी कोरडी. राजाला नवल वाटलं. त्यानं कुंभाराला कोठडीतून आणवलं. कुंभारानं एक घट बोटांनी वाजवला. म्हणाला, "महाराज, धूर आत कोंडला म्हणून घट काळे झाले, आणि त्याच धुरानं मातीची बारीक छिद्रं बुजली. कुणी मधे लेप उकलला असता तर हे झालंच नसतं."

राजा उठला, कुंभाराच्या बेड्या आपल्या हातानं काढल्या. काळ्या घटांनी देवाला स्नान घातलं. दोघांना पालखीत बसवलं, पुढं वाजंत्री लावली, सारं नगर दुतर्फा उभं राहिलं.

वाटेत कुंभारानं विचारलं, "आत असं होतंय, हे तुला ठाऊक होतं?"

"मला काही ठाऊक नव्हतं," म्हाळसा म्हणाली. "मी नुसती थांबले."

कुंभारानं तिचा हात हातात घेतला, तो घरापर्यंत सोडला नाही.

म्हाळसेला नारायण पावला, तसा तुम्हां आम्हां पावो. ज्यांचं उघडायचं राहिलंय त्यांना थांबायचं बळ देवो. साठ उत्तरांची कहाणी पाचांत सांगितली, तुम्ही ऐकलीत, नारायणानं सुफळ केली, संपूर्ण केली.