पाठीची माती

सन एकोणीसशे सत्त्याण्णव. चैत्र उतरत आला होता आणि शाळांना नुकत्याच सुट्ट्या लागल्या होत्या. अशा दिवसांत वारणेकाठच्या गावी एकदा एक मल्ल आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आपल्या वृद्ध वस्तादांच्या दारी आला.

मल्लाचे नाव हिंदुराव. मैदानात त्याच्या पाठीला कधी माती लागली नव्हती. सारा मुलूख हे जाणत होता, आणि कोणी विसरलाच तर हिंदुराव स्वतः आठवण करून देत असे. मुलाचे नाव त्याने हौसेने संग्राम ठेवले होते. पण मुलगा भित्रा निघाला. वर्गातली पोरे त्याचा डबा हिसकावून घेत. परीक्षा संपली त्या दिवशी तो ओठ सुजवून घरी आला आणि कोणी मारले ते सांगेना. बाप गरजला, तेव्हा उभ्या जागी त्याची चड्डी ओली झाली. त्यानंतर तो बापाच्या पंगतीला बसेनासा झाला.

"वस्ताद, पेठेत कराटेचे दोन क्लास निघालेत," हिंदुराव म्हणाला. "कुठल्यात घालू सांगा. याला मर्द करायचाय."

वस्तादांनी मुलाकडे पाहिले. तो बापाचे बोट सोडून दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"दोन्ही बघू," ते म्हणाले. "आणि माझी दक्षिणा राहिलीय तुझ्याकडे. ध्यानात हाय न्हवं?"

हिंदुरावाला ते लागले. तालीम सोडताना त्याने वस्तादांपुढे फेटा आणि नारळ ठेवला होता. वस्तादांनी दोन्ही परत केले होते. आज नको, मागेन तेव्हा दे, म्हणाले होते. कोणाचे काही अंगावर ठेवणे हिंदुरावाच्या स्वभावात नव्हते. हे एवढेच राहिले होते आणि ते त्याला सलत होते.

पहिला क्लास एका मंगल कार्यालयात भरत असे. पांढऱ्या कपड्यांतली पोरे रांगेत उभी राहून एका सुरात ओरडत होती. मास्तर पोलादासारखा. त्याने कौले फोडून दाखवली. हिंदुराव खूश झाला. वस्ताद पुढे झाले.

"मास्तर, एक विनंती. ह्या पोराला एकदा तुम्हाला पाडू द्या."

मास्तर हसला. "आजोबा, मीच पडलो तर ही पोरं माझं ऐकतील का?"

वस्तादांनी नमस्कार केला आणि ते बाहेर पडले.

दुसरा क्लास शाळेच्या पटांगणात होता. मास्तर तरुण, हसतमुख. वस्तादांनी तीच विनंती केली.

"पडतो की! त्यात काय!" मुलाने नुसते बोट लावले आणि मास्तर "मेलो, मेलो" करत गवतात लोळला. सगळी पोरे खिदळली. संग्रामने दोन्ही हातांनी तोंड झाकले. वस्ताद तिथूनही निघाले.

रस्त्यात हिंदुरावाचा संयम सुटला. "वस्ताद, क्लास बघायला आणलं तुम्हाला. चारचौघांत माझ्या पोराचं हसं करायला नाही."

"तिसरा बघू," वस्ताद म्हणाले आणि तालमीच्या वाटेला लागले.

सायंकाळची वेळ. तालीम मल्लांनी भरलेली होती. हिंदुरावाला पाहताच सारे अदबीने बाजूला झाले.

"लंगोट चढव," वस्ताद म्हणाले. "पोराला घेऊन हौद्यात उतर."

हिंदुराव उतरला. तांबड्या मातीत बाप आणि लेक समोरासमोर उभे राहिले. वस्ताद हौद्याच्या कडेला टेकले.

"आता माझी दक्षिणा दे."

"मागा."

"तुझी पाठ."

हिंदुरावाच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. "एवढ्या लोकांसमोर, वस्ताद?"

"लोकांसमोरच. पैलवान, ऐक. लहान पोराला पहिल्या दिवशी लाथ शिकवायची नसते आणि डावही नाही. आपल्या जोरानं मोठा माणूस हलतो, एवढं त्याच्या हाताला कळावं लागतं. मग त्याला भ्यायचं कारण राहत नाही, आणि मारत सुटायचंही. पहिल्या मास्तराला पडणं परवडत नाही. दुसरा पडला, पण खोटा पडला. पोराला खोटं लगेच कळतं. तू सहा वर्षांचा असताना ह्याच हौद्यात रडत उभा होतास. तेव्हा तू कोणाला पाडलंस?"

हिंदुरावाला तो दिवस लख्ख आठवत होता. त्याने वस्तादांना पाडले होते. घरी जाऊन आईला ओरडून सांगितले होते. आजवर त्याला त्यात काही विशेष वाटले नव्हते.

"पट काढ, बाळ," वस्ताद मुलाला म्हणाले. "बाच्या गुडघ्यामागं हात घाल, खांदा लाव आणि ओढ. आणि तू, हिंदुराव, त्याचा जोर लागेपर्यंत उभा राहा. लागला की उभा राहू नको."

मुलाने पाय धरला. पाय हलला नाही. मागे कोणीतरी फिस्सकन हसले. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले आणि तो दाराकडे पाहू लागला.

"दाराकडं न्हाई," हिंदुराव म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "हिकडं बघ, बाळा. खांदा खाली घे अजून. हां."

मुलाने नाक पुसले. पुन्हा वाकला. इवलासा खांदा मांडीला भिडला, बोटे गुडघ्यामागे रुतली आणि त्याने डोळे मिटून ओढले. जोर लागला होता. जिंकायची सवय जडलेला तो पाय मात्र आपणहून मातीत रुतून बसला. हिंदुरावाने अनेकांशी झुंज घेतली होती, पण आपल्याच पायाशी कधी घेतली नव्हती. त्याच्या कपाळावरून घाम ओघळला. मुलगा ओढत होता. सोडत नव्हता.

हिंदुरावाने गुडघा सैल केला.

तो पडला. दोन्ही खांदे मातीला टेकले. संग्राम बापाच्या छातीवर आपटला, धडपडत उठला, आणि आपल्या हातांकडे पाहू लागला. मग बापाकडे.

"लागलं का, आबा?" त्याने विचारले.

"लागलं," हिंदुराव म्हणाला.

तो उठला आणि वस्तादांकडे पाठ करून उभा राहिला. वस्तादांनी त्या पाठीवरची माती नीट पाहिली, चिमूटभर उचलून कपाळाला लावली.

"पोचली," ते म्हणाले.